टायरांना आशीर्वाद

पुढचं डावं

"त्या टायरांवर माझा नातू बसणार नाही," बुरुल म्हणाली.

"टायरांवर कोण बसवतंय त्याला? सीटवर बसेल की," तोक्तोसून म्हणाला.

बुरुलने चहाची वाटी पालथी घातली. त्या घरात याचा अर्थ बोलणं संपलं, असा होता.

येत्या शनिवारी नातवाला चाळीस दिवस पूर्ण होत होते. चाळीस दिवस झाले की बाळाने पहिल्यांदा आजोळी यायचं. लेकीचं, नाझिराचं, सासर कोच्कोरला, म्हणजे डोलोन खिंडीच्या पलीकडे, आणि खिंडीत परवाच पहिलं बर्फ पडलं होतं. तोक्तोसूनने त्या खिंडीतलं बर्फ एकतीस वर्षं बाजूला ढकललं होतं. रस्तेखात्याच्या यंत्रावर बसून, पहाटेच्या अंधारात, जगात दुसरं कुणी जागं नसताना. तिथलं प्रत्येक वळण त्याला नावाने ओळखत होतं, असं तो म्हणे. आता त्याच खिंडीतून त्याचा पहिला नातू येणार, आणि तो व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र नव्या जीपमधून? व्याही फोनवर अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाले होते, "कशाला उगाच त्रास घेता? मीच आणून सोडतो." ते "सोडतो" तोक्तोसूनच्या घशात तीन दिवस अडकून बसलं होतं.

गाडी होती. जुनी असली तरी झिगुली होती, इंजिन ठणठणीत होतं. प्रश्न फक्त टायरांचा. दुरुस्त करायचे, की नवे घ्यायचे?

पुढच्या डाव्या टायराने एक हिवाळा जर्मनीत काढला होता आणि नंतरचे नऊ इथे. त्याच्या बाजूला इतक्या भेगा होत्या की एकीत आगकाडी उभी राहत असे. तोक्तोसूनने एकदा राहते का ते पाहिलं होतं.

"भेगा नाहीत त्या, सुरकुत्या आहेत," तो उठता उठता म्हणाला. "सुरकुत्या पडल्या म्हणून कुणी माणूस बदलतं का?"

बुरुलने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सोय असती तर..." ती म्हणाली.

पुढचं उजवं

हा बक्षिसाचा. उलाकच्या, म्हणजे घोड्यांवरून बोकडाचं धड पळवायच्या, खेळात तोक्तोसूनच्या गटाला तिसरा नंबर मिळाला होता. पहिल्या गटाला घोडा, दुसऱ्याला गालिचा, तिसऱ्याला टायर. एकच. गटात सातजण होते. बाकी सहांनी तो त्याला देऊन टाकला, त्याला आता पंधरा वर्षं झाली.

पंक्चरवाल्या सोवेतचं दुकान गावाच्या वळणावर. पाटी नाही, ट्रकचा एक टायर उभा पुरलेला, तीच पाटी. सोवेतचं वय पन्नास. आईबापांनी त्या वेळच्या देशावरच्या प्रेमाने त्याचं नाव ठेवलं होतं. पुढे देश मोडला, नाव राहिलं. तोक्तोसूनला तो आदराने 'तोके' म्हणे.

बुधवारी सकाळी तो गाडीभोवती एक फेरी फिरला. मग दुसरी. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"का रे? कुणी गेलं का?" तोक्तोसूनने विचारलं.

"अजून नाही, तोके. पण शनिवारी तुम्ही खिंडीत निघालाय, असं ऐकलं."

"दुरुस्त कर. उगाच भाषण नको."

"मी बावीस वर्षं हे काम करतोय. ही गाडी टायरांवर उभी नाहीये. ठिगळांवर उभी आहे. मधूनमधून टायर लावलाय, एवढंच."

"होतंय का सांग."

सोवेतने मागच्या डाव्यावर तळहात ठेवला. पिराच्या कबरीवर ठेवावा तसा. "होतं कसं, तेच मला कळत नाहीये," तो हळूच म्हणाला. "हे फिरतंच कसं? एवढे हिवाळे? मला तर याला हात लावायची भीती वाटते."

पण लावला. दिवसभर लावला. ट्यूब काढल्या, पाण्यात बुडवल्या, बुडबुडे मोजायचं अर्ध्यात सोडून दिलं. संध्याकाळी चारही चाकं गाडीला लागली, आणि ती आधीपेक्षा वाईट दिसत होती: राखाडी, केस झडलेल्या गाढवासारखी.

तोक्तोसूनने कोटाच्या खिशातून डबी काढली. काळं बूटपॉलिश. लेकीच्या लग्नात आणलेलं, एकदाच वापरलेलं.

दीड तास तो चाकांपुढे उकिडवा बसून ब्रश मारत होता. मग तिरपं ऊन पडलं, आणि दोघेही दोन पावलं मागे सरले. चारही टायर रात्रीच्या तळ्यासारखे चमकत होते. त्यांत डोंगर दिसत होता.

"बाप रे," सोवेत म्हणाला, आणि त्याने टोपी परत घातली.

मागचं उजवं

तोक्तोसूनच्या थोरल्या भावाचा. भाऊ गेला, त्याची गाडी गेली, टायर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोक्तोसून गाडी अंगणाबाहेर काढत होता. शेजारची सायराकुल गायीचं दूध घेऊन चालली होती. ती थांबली. बादली खाली ठेवली.

"अगंबाई! नवे टायर! लाभू देत हो, लाभू देत!"

आता त्या गावात कुणी 'लाभू दे' म्हटलं की ते दोन्ही हातांनी घ्यायचं. नको म्हणणं म्हणजे चांगल्या शब्दावर थुंकणं. 'अहो, जुनेच आहेत,' असं म्हणायला तोक्तोसूनने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "तुमच्या तोंडात साखर पडो."

झालं. एवढंच झालं.

नवी वस्तू पाहायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. तासाभरात सायराकुल लोणी घेऊन परत आली. कुणी मिठाई आणली, कुणी लोकरी मोजे. शाळेच्या मास्तरांनी पांढऱ्या कापडाची शुभाची पट्टी आणली आणि स्वतःच आरशाला बांधली. आलेल्यांना चहा हवा, म्हणून बुरुलने कढई चढवली आणि बोरसोक, कणकेचे फुगरे तुकडे, तळायला घेतले. मध्येच ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, गाडीभोवती फिरली, एका टायराशी वाकली, नाक किंचित वर केलं.

"छान," ती म्हणाली, आणि आत गेली.

तोक्तोसूनला ते 'छान' आवडलं नाही. पण त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण रस्त्याच्या टोकाला घोडा दिसला, आणि अंगणातली सगळी माणसं उभी राहिली.

घोड्यावर मम्बेत होते. वय अठ्ठ्याऐंशी, दाढी छातीपर्यंत, पांढरी. सारं गाव त्यांना 'आक्साकाल', पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणे. त्यांचा आशीर्वाद वाया गेला असं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी आशीर्वाद दिलेल्या घोडीला जुळी झाली होती. त्यांनी आशीर्वाद दिलेली विहीर दुष्काळात आटली नव्हती.

"आक्साकाल, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? टायर ते काय..." तोक्तोसून पुटपुटला.

"चाकं म्हणजे गाडीचे पाय," मम्बेत म्हणाले. "पायांना आशीर्वाद लागतो. डोक्याचं कसंही भागतं."

त्यांनी तळहात आकाशाकडे उघडले. सगळ्यांनी उघडले. वारासुद्धा थांबल्यासारखा झाला.

"ही चाकं या दारातून कधी न जावोत. जिथे टेकतील तिथे फुलं उगवोत. यांच्या अवतीभवती नातवंडं-पतवंडं खेळोत. आणि ही चाकं याच दारी म्हातारी होवोत. ओमिन!"

"ओमिन!" म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोक्तोसूनने हात चेहऱ्यावर नेले, आणि तिथेच ठेवले.

मागचं डावं

हा कुठून आला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आता पहिली फेरी मला घेऊन मार," मम्बेत म्हणाले. "नव्या वस्तूत म्हातारं माणूस आधी बसलं की ती वस्तू म्हातारी होईपर्यंत टिकते."

नाही कसं म्हणणार? मम्बेत पुढच्या सीटवर बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरून. तोक्तोसूनने गाडी इतकी हळू सोडली की माणसं शेजारून चालत येत होती. लग्नाच्या वरातीसारखं सगळं अंगण रस्त्यावर आलं.

"घोड्यापेक्षा मऊ आहे," मम्बेत खूश होऊन म्हणाले. "पण जरा पळव की. मी काय अंडं आहे का?"

ओढ्यावर लाकडी पूल होता. पुलाच्या फळ्यांना जोड होता. जोडावरून पुढची चाकं पार झाली. मागचं उजवंही पार झालं.

फुस्स.

मोठा आवाज नव्हता. म्हाताऱ्याने थकून श्वास सोडावा, तसा. गाडी मागच्या डाव्या अंगाला बसली. आरशाची पांढरी पट्टी जराशी हलली आणि थांबली.

टायराकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे मम्बेतांकडे पाहत होते.

स्टेपनी

"दगड असेल," सोवेत घाईने म्हणाला. तो गर्दीतच होता. "खिळा असेल."

मम्बेत खाली उतरले. सपाट झालेल्या टायरापुढे काठी टेकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तोक्तोसूनला पाहवेना.

"किती वेळ झाला रे, आशीर्वाद देऊन?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं होतील, आक्साकाल."

"दहा मिनिटं." म्हातारा आपल्याच तळहातांकडे पाहत होता. "माझे शब्द संपले म्हणायचे. आधी दात गेले, मग कान गेले. आता हेही. पुढच्या आठवड्यात गावातल्या एका पोरीच्या लग्नाला बोलावलंय मला. मी कोणत्या तोंडाने हात उघडू?"

"स्टेपनी आहे!" तोक्तोसून ओरडला. "स्टेपनी अगदी नवी आहे!"

ती खरंच होती. गाडीबरोबर एकोणीसशे एकोणनव्वद साली कारखान्यातून आलेली, आणि तेव्हापासून एकदाही जमिनीला न लागलेली. तोक्तोसून तिला दागिन्यासारखं जपायचा. उन्हाळ्यात बाहेर काढून पुसायचा, परत ठेवायचा. त्याने फडकं बाजूला केलं, तेव्हा माणसं पुढे झुकली. कोऱ्या टायरावर असतात ते रबराचे बारीक केस तिच्यावर अजून होते. कुणीतरी बोट लावून पाहिलं. आजूबाजूला अशी शांतता पसरली की ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं.

सोवेतने पुन्हा टोपी काढली. "तोके," तो कुजबुजला, "ही ज्या देशात बनली तो देश राहिला नाही. ही राहिली."

"मग लाव!"

"रबर न वापरताही म्हातारं होतं, तोके. तुम्ही तीस वर्षं गादीवर बसून राहिलात, तर गुडघे कोरे राहतील का?"

"लाव म्हणतो ना!"

लावली. जॅक खाली आला. गाडीचं वजन हळूहळू तिच्यावर आलं, आणि पस्तीसहून अधिक वर्षं ज्या क्षणाची ती वाट पाहत होती, तो क्षण आला. कडेला एक भेग उमटली, हसू पसरावं तशी चहूकडे पसरली, आणि स्टेपनी खाली बसली. एक फेरासुद्धा न फिरता.

मम्बेतांनी डोळे मिटले.

तोक्तोसूनला त्या क्षणी नातू आठवला. व्याह्यांची जीप आठवली. त्यांचं ते 'सोडतो' आठवलं. समोर हा म्हातारा डोळे मिटून उभा होता.

"आक्साकाल, चूक तुमची नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "टायर नवे नाहीत. जुनेच आहेत. मी त्यांना बूटपॉलिश लावलंय."

गर्दीतून एक उसासा गेला. सायराकुलने तोंडावर हात ठेवला. तिला लोणी आठवलं असावं. सगळ्या माना बुरुलकडे वळल्या.

"मला काय विचारता?" बुरुल म्हणाली. "मला सकाळीच वास आला होता. म्हटलं, बघू या, स्वतःहून सांगतात का."

मम्बेतांनी डोळे उघडले. मग त्यांनी सोवेतला विचारलं, "किती जुने आहेत रे हे?"

"खरं सांगू? मंगळवारीच संपायला हवे होते, आक्साकाल. कोणत्या साली, ते विचारू नका."

"आणि माझ्या आशीर्वादानंतर दहा मिनिटं चालले."

"चालले."

"माणसासकट."

"तुमच्यासकट."

"आणि ती डिकीतली कोरी. तिला मी आशीर्वाद दिला होता का?"

"नाही, आक्साकाल. ती आत होती."

"ती किती चालली?"

सोवेतने स्टेपनीकडे पाहिलं, मग उरलेल्या तीन टायरांकडे. ते अजून उभे होते, काळेभोर, चमकत. त्याच्या अंगावर खरोखरच काटा आला.

"जराही नाही," तो म्हणाला.

मम्बेतांनी काठी उचलली आणि पाठ ताठ केली. ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. "ओमिन," ते म्हणाले. आणि पुलावरचं सगळं गाव भारावून म्हणालं, "ओमिन!"

पाचही

शुक्रवारी तोक्तोसून आणि सोवेत नारिनच्या बाजारातून चार नवे टायर घेऊन आले. मिनीबसमध्ये तोक्तोसूनच्या मांडीवर दोन होते, आणि त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. सोवेतने ते बसवले. जुने मात्र टाकायला तो तयार होईना.

"आशीर्वाद मिळालेले टायर मी उकिरड्यावर फेकू? हात झडतील माझे. या दारातून कधी न जावोत, असं म्हणालेत ते. तुमच्या दारीच ठेवा."

नव्या टायरांसाठी तोक्तोसून मम्बेतांकडे गेला, तेव्हा ते आडवे पडले होते. "एका आठवड्यात दोनदा नाही जमत," ते म्हणाले. "हे कोरे आहेत ना? मग तूर्तास त्यांचे ते चालतील."

शनिवारी डोलोन खिंडीत ताजं बर्फ होतं आणि आकाश इतकं जवळ होतं की बुरुलने नकळत मान खाली घातली. मागच्या सीटवर नाझिराच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. निळं, पांढरं, अफाट असं सगळं खिडकीतून जात होतं. शेवटच्या वळणावर तोक्तोसूनने आरशात पाहिलं. मागून व्याह्यांची पांढरी जीप येत होती. हळूहळू. त्याच्याच चाकोरीतून.

जुने चार टायर आणि स्टेपनी त्याने फाटकापाशी अर्धे जमिनीत पुरले. वरचा भाग बुरुलने पांढरा रंगवला. वसंतात त्यांच्या पायाशी कुणी न लावलेली पिवळी फुलं आली. मम्बेत आले, फुलं बघितली आणि मान डोलवत गेले.

दुसऱ्या वसंतात नातू चालत, पडत, धरत तिथवर गेला. मागच्या डाव्यावर दोन्ही हात टेकून चढला आणि त्यावर घोड्यासारखा बसला.

तोक्तोसून आणि बुरुल पायरीवर चहा पीत होते. दोघांनीही ते पाहिलं.

"काय गं," तोक्तोसून म्हणाला, "कुणीतरी म्हणालं होतं ना, की त्या टायरांवर..."

बुरुलने वाटी पालथी घातली.