उभा आंबा, आडवा आंबा

सन दोन हजार तेवीस, मे महिन्याची नऊ तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं, म्हणून प्रचाराचे भोंगे बंद पडले होते आणि कानडी मुलखातलं आमचं सरस्वतीपुरम अगदी चिडीचूप होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या शांततेमुळेच आमच्या घरातलं भांडण चार गल्ल्यांना पाठ झालं!

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. कापडावर ठसा टेकवण्याच्या कामात माझी चूक होत नाही. आम्ही मूळचे रंगारी. सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात कापड रंगायचं आणि छापायचंही. चौसष्ट साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातात ठसा दिला आणि म्हणाल्या, "हा सूतभर हलला तर तूही या घरातून हललीस!" ठसा हलला नाही. मीही हलले नाही. आता मला हलवायची कुणाची छाती नाही.

तर आमच्या घरची रीत अशी, की मुलगी हळदीला बसते ती घरच्या ठशानं छापलेली साडी नेसून. ठसा सहा बोटं चौरस, दुतोंडी. एका तोंडावर आंब्याची नुसती रेघ, दुसऱ्या तोंडावर त्या रेघेच्या आत भरायचा रंग. आधी रेघ छापायची, मग ठसा उलटून तिच्या आत रंग भरायचा. मूठ नाही, दोन बाजूंना बोटं बसतील अशा खाचा. माझी नणंद त्याच आंब्यांत हळदीला बसली, माझी मुलगीही बसली. सतरा तारखेला माझ्या नातीची, भाग्याची, हळद होती. मी पेटीतून ठसा काढला, तर आत वाळवीनं स्वतःचं नक्षीकाम करून ठेवलेलं! फुंकर मारली आणि शंभर वर्षांचा आंबा माझ्या मांडीवर भुसा होऊन पडला.

भाग्यानं साडीचं पांढरं कापड घडी घालून परत कपाटात ठेवलं, ते मी पाहिलं.

"अज्जी, कशाला टेन्शन?" तिचा भाऊ रघु म्हणाला. "माझ्या मशीनवर करून देतो की! एका दिवसाचं काम."

घरामागच्या शेडमध्ये रघुचं एक यंत्र आहे. त्याला तो सीएनसी म्हणतो. संगणकात चित्र घालायचं, मग ते यंत्र लाकडात हुबेहूब कोरून देतं. ते चालवायला नागोजीराव होते. वरुणा गावाहून रोज मोटारसायकलवर येत. पणजोबा महाराजांच्या फौजेत होते, त्यामुळे स्क्रू पिळतानासुद्धा छाती पुढे!

लाकूड मी दिलं. आमच्या जुन्या छपाईच्या मेजाचा पाय, साठ वर्षं मुरलेला सागवान. त्यातून बिनचिरेचा तुकडा एकच निघाला. बाकीचे तीन पाय कुठे गेले ते मी यांना, म्हणजे रघुच्या ताताला, त्याच्या आजोबांना, गुंडुरावांना विचारलं. तो विषय निघाला की यांना खोकला येतो.

त्या सकाळी आम्ही सगळे शेडमध्ये जमलो. यंत्राच्या पाटावर दोन लोखंडी पट्ट्या काटकोनात ठोकलेल्या होत्या.

"मशीनला डोळे नाहीत, अज्जी," रघु म्हणाला. "आपण त्याला एक कोपरा दाखवायचा. या दोन पट्ट्या भेटतात तो झिरो. सगळं माप तिथूनच. लाकूड पट्ट्यांना चिकटून बसलं पाहिजे, अष्टे, एवढंच!"

"हे मला शिकवतोस?" मी म्हटलं. "आरंभाचा कोपरा आम्हालाही होता. छापताना जो कोपरा आधी टेकतो त्याला हळद लावायची, आणि मेजावर तो नेहमी डाव्या हाताला, आपल्याकडे!"

आणि मी पट्ट्यांना भिडलेल्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. नागोजीरावांनी रघुकडे पाहिलं, रघुनं छताकडे.

पहिली बाजू मात्र अशी झाली की काय सांगू! तासाभरात आंब्याची रेघ उमटली. देठ, कोयरीचं टोक, आतली वेल, सगळं सासूबाईंच्या ठशासारखं! भाग्या वाकून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अज्जी, साडी परत बाहेर काढते."

इथवर सगळं ठीक होतं. मग रघुनं पुस्तकाचं पान उलटावं तसा तो ठसा उलटला, आणि माझं डोकं उखळातल्या मिरचीसारखं झालं!

एक तर ठशाचं कोरलेलं तोंड त्यानं थेट यंत्राच्या उघड्या पाटावर पालथं घातलं. आमच्याकडे ठशाचं तोंड कधीच कोरड्या फळीला लावत नाहीत. खाली जाड कापडाची गादी लागते, नाहीतर धार मोडते. आणि दुसरं म्हणजे, हळदीचा कोपरा गेला उजव्या हाताला!

"रघु! कोपरा चुकला!"

"नाही गं अज्जी. उलटल्यावर तो तिकडेच जाणार. मी दुसऱ्या बाजूचा प्रोग्राम तसाच बनवलाय."

"आरंभाचा कोपरा कुठं जात नसतो!"

"अम्मा, सुम्मने बसा की स्वल्प," नागोजीराव म्हणाले. म्हणजे उगी राहा थोडा वेळ!

मला? माझ्या शेडमध्ये?

तेवढ्यात रघुला मुलाकडच्यांचा फोन आला, तो बोलत अंगणात गेला. नागोजीराव लाकूड घट्ट धरणारा शिकंजा आवळायचा सोडून कॉफी प्यायला गेले. शेडमध्ये मी, हे, आणि पालथा पडलेला आंबा.

"अहो, पंचा द्या."

"कशाला?" यांनी खांद्यावरचा जरीकाठी पंचा दोन्ही हातांनी धरला. "नवा आहे. लग्नात खांद्यावर घ्यायचा आहे."

"नातीचं लग्न की पंचा?"

यांनी पंचा दिला. मी त्याची आठ पदरी घडी केली, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा ठसा खालून आणि चहूबाजूंनी नीट गुंडाळला, फक्त वरचं कोरं तोंड उघडं ठेवलं. हळदीचा कोपरा फिरवून पुन्हा पट्ट्यांच्या कोपऱ्यात आणला. शिकंज्याचा दांडा स्वतः पिळला आणि यंत्राचं काचेचं दार लावून घेतलं. काचेवर इतका भुसा होता, की आतला आंबा आणि बाहेरचा नवरा दोन्ही सारखेच दिसत होते.

नागोजीराव आले. दार लागलेलं पाहून त्यांना वाटलं, रघुनं शिकंजा आवळला. रघु आला, त्याला वाटलं, नागोजीरावांनी. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं!

यंत्र सुरू झालं. पाऊण तास छान घुरघुरलं. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, बघा, कसं सुतासारखं चाललंय! मग शेवटी ते कडेची रेघ कोरायला वळलं, आणि आतून असा आवाज आला, की कुणी मांजराला लाटण्यानं लाटतंय!

"स्टॉप! स्टॉप!" रघु ओरडला. नागोजीराव धावले, रघु धावला, दोघं एकमेकांवर आपटले. लाल बटण दाबलं ते भाग्यानं. दार उघडलं तर यंत्राच्या कोरणाऱ्या दांड्याला यांचा पंचा शेवयांसारखा गुंडाळलेला आणि जरीतून धूर निघतोय!

रघुनं ठसा ओढून काढला. आम्ही सगळे वाकलो. एका तोंडावर आंबा उभा. दुसऱ्या तोंडावर आंबा आडवा! वर तोही मधोमध नाही. पदर घसरावा तसा एका अंगाला सरकलेला.

"नागोजीअण्णा!" रघुचा तोल सुटला. "वीस वर्षं काम करून कोपरा कळत नाही? झिरो पकडता येत नाही?"

"मी? मी हात लावला नाही! तुम्हीच बसवलंत!"

"मी फोनवर होतो!"

"मग काय भुतानं बसवलं? आमच्या घराण्याला आजवर कुणी असं बोललं नाही! घ्या तुमचं मशीन!"

आणि मी काय केलं? मीही ओरडले! "एवढं साधं काम, दोघांना मिळून जमत नाही? लाकूड गेलं ना माझं!" मला खरंच राग आला होता. इतका, की तो कुणावर काढायला हवा होता याचा विचार करायला सवडच झाली नाही. पलीकडच्या गच्चीवर चार डोकी उगवली. नागोजीरावांनी हातमोजे काढले, यंत्रावर ठेवले, मोटारसायकलला लाथ मारली आणि वरुणाच्या दिशेनं निघून गेले.

तेवढ्यात हे घसा खाकरून म्हणाले, "माझा पंचा."

रघुनं दांड्यावरच्या चिंधीकडे पाहिलं. मग ताताच्या मोकळ्या खांद्याकडे. मग ठशाच्या हळदीच्या कोपऱ्याकडे. मग माझ्याकडे.

"हो, मीच!" मी म्हटलं. "ठशाचं तोंड उघड्या पाटावर घालता, कोपरा भलतीकडे नेता, आणि वर मलाच गप्प बसवता! मी काय करायला हवं होतं?"

रघु दांड्यावरची चिंधी सोडवायला लागला. बोलली भाग्या. अगदी मऊ आवाजात. "सरी अज्जी, जाऊ दे. दुकानातून एक पिवळी साडी आणू या. कुणाला कळणार?"

ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते. पण तिनं माझी समजूत काढली! माझी! त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

मतदानाचा दिवस गेला. गुरुवारी सकाळी मी एकटीनं वरुणाची बस धरली. पिशवीत ठसा. नागोजीराव गोठ्यात म्हशीचं दूध काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा अम्मा. आज कोपरा कुठं ठेवलात?" पंचा कुणाचा, हे वाटेतच त्यांच्या ध्यानात आलं असावं.

साठ वर्षांत जो शब्द मी सासूला, नवऱ्याला, देवालाही म्हटला नव्हता, तो त्या म्हशीच्या साक्षीनं म्हटला. "चुकलं."

"काय?"

"ऐकलंत की! पुन्हा म्हणणार नाही!"

त्यांनी आधी धार पुरी काढली. मग हात धुऊन ठसा घेतला, उंबऱ्यावरच्या उन्हात धरला, फिरवला, खिशातून माप काढलं. बराच वेळ मोजत होते.

"पंच्याच्या किती घड्या होत्या?"

"आठ पदरी."

"तेच! पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये पंचा होता, म्हणून दोन्हीकडे सारखंच सरकलंय. चार मिलिमीटर इकडे, चार तिकडे. आणि पाव वळण फिरलंय." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "अम्मा, वेडीवाकडी चूक असती तर लाकूड गेलं होतं. सगळीकडे सारखी चूक म्हणजे चूक नाही, तो नवा झिरो. तुम्हाला हातानंच छापायचंय ना? रेघ छापा, ठसा उलटा, पाव फिरवा, चार मिलिमीटर मागे घ्या. बसणार!"

एवढं सोपं! ते मला सुचलं नाही, याचा राग मी वरुणापासून घरापर्यंत बसमध्ये गिळत आले.

नागोजीराव त्याच दुपारी आले. रघुनं त्यांच्या पाया पडून माफी मागितली. त्यांनी पत्र्याचा एक काटकोन आणि चार मिलिमीटर जाडीची लाकडी चीप करून दिली. रेघेला काटकोन लावायचा, आत रंग भरताना मध्ये चीप घालायची. ठसा फिरवला की बोटांच्या खाचा भलत्या बाजूला यायच्या. तीन दिवसांत माझ्या दोन बोटांना फोड आले, आणि प्रत्येक आंब्याला मी एकेक शिवी दिली. कुणाला, ते विचारू नका. पण तीनशे बारा आंबे छापले, आणि सतरा तारखेला भाग्या त्यांत बसली. आंब्यांवरून हळद ओघळत होती आणि ती खाली मान घालून साडीकडेच बघत होती.

पुढे काय झालं म्हणाल, तर भाग्या आता बेंगळुरूला असते. साडी तिच्या कपाटात आहे. धाकट्या जावेच्या हळदीला तिनं ती द्यायला नकार दिला, यावरून त्यांच्याकडेही एक भांडण झालं म्हणे. कळल्यावर मला बरं वाटलं. नागोजीरावांनी रघुकडे भागीदारी घेतली, आणि शेडवरच्या पाटीवर त्यांचं नाव आधी आहे. रघु अजून यंत्राचं बटण दाबण्याआधी ओरडतो, "कुणाचा पंचा?" बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकांना तो मंत्र वाटतो. यांना मी नवा पंचा घेऊन दिला. माझी चाहूल लागली की हे तो खांद्यावरून काढून कंबरेला घट्ट बांधतात.

आणि मी? शेडच्या दाराशी नागोजीरावांनी जाड पिवळी रेघ मारली आहे. तिच्या अलीकडे खुर्ची टाकून मी बसते आणि कोपरा नीट आहे की नाही यावर लक्ष ठेवते. मी सगळ्यांना सांगते, की अजूनही प्रत्येक लाकूड उलटताना आधी मला विचारतात.

विचारत कुणी नाही.