आदाप्पांचे फिनेल

फरशीवर फिनेल ओतण्यापूर्वी मुंग्यांना रीतसर सूचना देणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. निपाणीतील माझे घरमालक, तंबाखूचे व्यापारी आदाप्पा. शाळेतील माझी नोकरी नवी होती आणि स्वभाव भिडस्त. त्यामुळे या विधीला मी निमूट साक्षी राहत असे.

"उठा गं बायांनो, लेकरंबाळं घिऊन निघा. फिनेल येतंय," असे म्हणत ते मऊ केरसुणीने रांग दाराकडे वळवीत. शेवटची मुंगी उंबरा ओलांडेपर्यंत बादली उचलायची नाही, हा दंडक होता. जैन माणसाने फिनेल आणावेच का, असे मी एकदा चाचरत विचारले.

"प्लेगची हूल हाय, मास्तर. हत्याबी नगं, घाणबी नगं."

बाटली घेताना ते सील पाहूनच घेत. घरी तिला बाभळीची काटेरी फांदी बांधीत. कोणी तेल समजून हात घालू नये, हा हेतू. काटे बहुधा त्यांनाच टोचत.

एके दिवशी त्यांचे मेहुणे चिकोडीहून जेवायला आले. नेमकी त्याच दुपारी स्वयंपाकघरात मुंग्यांची नवी रांग निघाली. फरशी अर्धी धुतलेली, चूल पेटवायला मनाई. शेवटची मुंगी बाहेर पडली तोवर दिवस मावळला होता. आणि दिवस मावळल्यावर जैनाघरी पान कोण मांडणार? मेहुणे उपाशी निजले. सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपली.

"तुमच्या घरात मुंगीला मान हाय, पाव्हण्याला न्हाय, दाजी!"

"मला तरी कुठं हाय, अण्णा?" आदाप्पांच्या पत्नी चंद्राक्का आतून म्हणाल्या. "त्या वासानं डोस्कं फुटतंय, सांगून दमले." आणि त्या भावाच्या शेजारी गाडीत जाऊन बसल्या.

"म्हायेरी इस्रांतीला गेलीया," आदाप्पा बाजारात सांगत. विश्रांती फारच लांबली. निरोपांना उत्तर येईना.

एके सकाळी त्यांनी फिनेलची बाटली घराबाहेर काढायचे ठरविले. पण टाकावी कुठे? गटारात ओतावी, तर तिथे म्हशी तोंड घालतात. परसात पुरावी, तर मातीत गांडुळे. शेजाऱ्याला द्यावी, तर त्याच्या घरात रांगते पोर. शेवटी सरकारी दवाखाना ठरला. बोलायला कोणी शिकला-सवरलेला माणूस हवा म्हणून त्यांनी मला सोबत नेले. मी अर्थातच एक शब्दही बोललो नाही.

रोग्यांच्या रांगेत उभे राहून आमची पाळी आली.

"काय व्हतंय, आप्पा?" कंपाउंडरने विचारले.

"मला काय न्हाय. ह्ये घ्या. हितं फरशी धुवायला लागतंयच की."

"भरल्याली बाटली? वैनींनी घरातनं हाकललं काय तुमास्नी?"

रांग हसली. मी खाली पाहू लागलो.

"मला न्हाय. तीच गेली," आदाप्पा हळूच म्हणाले. "तिला ह्येचा वास सोसत न्हवता. मुंग्यांस्नी सांगत बसलो, तिचं ऐकलं न्हाय."

कंपाउंडरने काटे सांभाळत बाटली दोन्ही हातांनी घेतली. "मग आता येते म्हणाल्या व्हय?"

"न्हाय अजून. पर भिंतीतला वास जायाला दिस लागत्यात. दारं-खिडक्या सताड उघडी टाकून आलोय."