भुवई आणि कॅमेरा

दिवसभराचं काम आटोपून फोटोग्राफर घरी आला, की त्याच्या उजव्या भुवईखाली लाल वळ उमटलेला असे. ऑफिसच्या कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीतून बघायचं, तिच्याभोवतीचं रबर केव्हाच गळून पडलं होतं आणि उघडी पडलेली पत्र्याची कड हाडात रुतायची. नव्या रबरासाठी त्याने तीन अर्ज केले. तिसऱ्यावर शेरा आला, ‘डाव्या डोळ्याने पाहावे.’

शेवटी बायकोनेच मनावर घेतलं. जुन्या स्लिपरचा मऊ तुकडा गोल कापून तिने सकाळी सकाळी त्या कडेवर चिकटवला.

“अहो, संध्याकाळपर्यंत हात लावू नका हं. गोंद वाळू दे.”

“अगं, दहाला उद्घाटन आहे! मागच्या वेळी मोठ्या साहेबांचे डोळे मिटलेले आले. आता चुकलो तर दुसरा माणूस बघणार आहेत.”

उद्घाटन होतं व्हरांड्यातल्या नव्या वॉटर कूलरचं. साहेबांनी कात्री उचलली, फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. अगदी उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटलं! फीत कापली गेली, फोटो निघाला. तो कॅमेरा खाली घ्यायला गेला, तर भुवईही सोबत ताणली गेली.

“आई गं!”

“काय झालं? डोळे मिटले का माझे?” साहेब गडबडले.

“न... नाही साहेब. अजून एक घेऊ या.”

शिपायांनी फीत पुन्हा बांधली. साहेबांनी पुन्हा कापली, पुन्हा हसले. कॅमेरा खाली येईना, म्हणून साहेबही हलेनात. ते हलेनात म्हणून उपसाहेब हलेनात, आणि उपसाहेब हसताहेत म्हटल्यावर मागच्या चाळीस जणांना हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फीत सात वेळा कापली गेली. शेवटी ती रुमालाएवढी उरली, तेव्हा दोन कारकुनांनी तिची टोकं चिमटीत धरली. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती, पण कूलरला हात लावायची कोणाची छाती होईना.

पाऊण तासाने साहेबांच्या गालात गोळा आला, तेव्हा कुठे कार्यक्रम संपला. फोटोग्राफर तसाच, कॅमेरा डोळ्याला लावून, रिक्षाने घरी गेला.

“सांगितलं होतं ना!” म्हणत बायकोने खोबरेल तेल चोळून कॅमेरा सोडवला. अर्धी भुवई कॅमेऱ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. तो टोपी भुवईपर्यंत ओढून, जीव मुठीत धरून आत गेला.

“पाऊण तास डोळा हलवला नाहीस! याला म्हणतात निष्ठा,” साहेब गहिवरले. “हा घे तुला नवा कॅमेरा.”

कॅमेरा सुरेख होता. डोकावायची खिडकीच नव्हती. मागे तळहाताएवढा पडदा होता, हातभर दुरून बघावा असा. फोटोग्राफरला हायसं वाटलं.

“फक्त एक लक्षात ठेव,” साहेब म्हणाले, “धरायचा मात्र डोळ्यालाच. त्याशिवाय आम्हाला हसू येत नाही.”