चार वीसचा पहारेकरी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सूनबाईंनी दुकानाच्या वेबसाइटवरचा फॉर्म उघडला. चारशे बारा संदेश आले होते. टकलावर केस, बिनव्याजी कर्ज, परदेशी लॉटरी. घड्याळदुरुस्तीचे त्यात तीन.

घड्याळजी सासऱ्यांचा जीव खालीवर झाला. शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ उघडायचं हे त्यांचं तीस वर्षांचं स्वप्न, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच्या दुरुस्तीसाठी याच आठवड्यात फॉर्म भरणार होत्या.

"या उकिरड्यात बाईंचा फॉर्म शोधायचा कुठे गं?"

सूनबाईंनी वेबसाइट सांभाळणाऱ्या आपल्या भावाला फोन करून फॉर्मवर एक प्रश्न घालून घेतला: आमच्या दुकानावरच्या घड्याळात किती वाजलेत? कचरा पाठवणाऱ्या यंत्राला काय डोंबल कळणार! गल्लीला मात्र उत्तर तोंडपाठ होतं. चार वीस. गेली अकरा वर्षं घड्याळ तिथेच बंद पडलेलं.

कचरा थांबला तो थांबलाच. पण एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "चार वीस. दिव्याखाली अंधार." सासऱ्यांना ते झोंबलं. बुधवारी त्यांनी शिडी लावली आणि घड्याळ चालू करूनच खाली उतरले.

गुरुवारी एकही फॉर्म आला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता मुख्याध्यापिका समोरच्या फुटपाथवर मान वर करून उभ्या दिसल्या. हातात मोबाइल.

"अकरा सात, चूक. अकरा आठ, चूक! अहो, तुमचा फॉर्म मला माणूसच मानत नाही!"

सूनबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बाई, चार वीस लिहा."

"अकरा वाजता? मी मुलांना घड्याळ शिकवते, बरं का!"

"मग कागदावर लिहून द्या."

"शाळेच्या समितीला फॉर्मच लागतो. तोही आज पाचच्या आत. नाहीतर काम दुसऱ्याला."

फॉर्ममधलं उत्तर बदलू शकणारा भाऊ विमानात होता, सहाला उतरणार होता. सूनबाई सासऱ्यांकडे धावल्या. "बाबा, काटे तेवढे चार वीसवर आणून ठेवा ना!"

"चालतं घड्याळ थांबवू? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लाव."

आता चार वीस खरोखर वाजायची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चार वाजता बाई परत आल्या. मागोमाग फॉर्मने हाकललेली आठ गिऱ्हाइकंही आली. चार अठरा. चार एकोणीस. सासरे दाराची चौकट घट्ट धरून उभे.

"आता!" सूनबाई ओरडल्या. नऊ अंगठे एकदम पडले. नऊही फॉर्म गेले! टाळ्या वाजल्या, सासऱ्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

"घड्याळ छान चालवलंत हो," बाई म्हणाल्या. "समितीला आवर्जून सांगते."

टाळ्या विरल्या तेव्हा वरची टिकटिक ऐकू येईना. सूनबाईंनी हळूच वर पाहिलं. चार वीस. सेकंदकाटासुद्धा गप्प.

"बाई, आत या ना! चहा टाकते."

"नको गं, पाचला समिती आहे. किती वाजले बघू..."

"माझ्या मनगटावर बघा! अजून खूप वेळ आहे."

शेवटची खबर हाती आली तेव्हा बाईंचा दुसरा कप संपत आला होता, शिडी मागच्या दाराने गुपचूप बाहेर निघाली होती, आणि बाईंनी अजून वर पाहिलेलं नव्हतं.