डावा कल्ला

बरोबर सव्वाचारला, इमारतीच्या सेक्रेटरींचं अर्धं डोकं उरकलेलं असताना, दार वाजलं.

कारागिराची कात्री हवेतच थांबली. टाळेबंदीत केस कापायची दुकानं बंद ठेवावीत, असा मुख्यमंत्र्यांचा हुकूम होता. तो हुकूम लॅमिनेट करून जिन्यात लावणारे गृहस्थच आत्ता गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. मुख्यमंत्र्यांवर सेक्रेटरींची श्रद्धा म्हणजे काय विचारता! 'साहेबांनी बसा म्हटलं की बसायचं,' हे वाक्य ते इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी सातला टाकत. इमारतीत कोणाला सोडायचं याची यादीही त्यांनीच केली होती. दूध, औषधं, गॅस, वीज आणि नळदुरुस्ती. केस कापणारा त्यात नव्हता. म्हणून खालच्या रजिस्टरमध्ये कारागिरानं नावापुढे 'प्लंबर' असं लिहिलं होतं, आणि तसं लिहायला त्याला सेक्रेटरींनीच फोनवरून सांगितलं होतं.

एवढं धाडस करायचं कारण पाच वाजता येणार होतं. सेक्रेटरींच्या मुलीनं स्वतःसाठी मुलगा पसंत केला होता आणि आज व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे आईवडील पहिल्यांदा बोलणार होते. मुलाचे वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत आणि आरोग्य खात्यात मोठे अधिकारी होते. बंधनांचा मसुदा करणाऱ्या समितीवरच होते. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात एक पाहुणा जास्त झाला, तर हे स्वतः उठून घरी गेले, अशी त्यांची ख्याती होती. मुलाला त्यांनी बजावलं होतं, "माणसं नियमातली असतील तरच पुढचं बोलू. नाहीतर विषय संपला." मुलगी दोन दिवस नीट जेवली नव्हती.

आणि नेमकं आज सकाळी आरशात बघून सेक्रेटरींना वाटलं, की आपण फार अवतार दिसतो.

"अहो, कोण आहे बघू का?" बायकोनं कुजबुजत विचारलं.

बघायची गरज नव्हती. बाहेरून आवाज आला, "भाऊजी! दार उघडा! प्लंबर आलाय ना तुमच्याकडे? मी रजिस्टर वाचलंय!"

हे बायकोचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलीचे मामा. बरोबर वरच्या मजल्यावर राहत. मुख्यमंत्र्यांचं नाव काढलं की त्यांचं पित्त खवळायचं. 'शटर पाडून रोग जातो का? घाबरट सरकार!' हे त्यांचं ग्रुपवरचं वाक्य सकाळी सात वाजून एक मिनिटानं यायचं. बोलायला असे वाघ, पण गेल्या तीन महिन्यांत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. कोथिंबिरीची जुडी साबणानं धुणारे इमारतीत ते एकटेच. केस खांद्यापर्यंत वाढले होते आणि ते त्यांनी रबरबँडनं बांधले होते. आज खाली जाऊन रजिस्टर वाचून आले, त्याअर्थी प्रकरण गंभीर होतं.

ते होतंच. मामांचा स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस गळत होता. प्लंबर बोलावण्यासाठी त्यांनी रीतसर अर्ज केला होता आणि सेक्रेटरींनी त्यावर शेरा मारला होता: 'थेंब पडतात, धार नाही. सबब अत्यावश्यक नाही.' त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद होती.

सेक्रेटरी चादरीसकट न्हाणीघरात शिरले. बायकोनं केस केरसुणीनं फ्रिजखाली लोटले आणि दार उघडलं. समोर मामा, तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातात फवाऱ्याची बाटली.

"ताई, हेच तुमचं सरकार! जनतेला नियम आणि स्वतःला नळ!"

"अरे, हळू बोल."

"का हळू? कुठेय तो प्लंबर?"

कारागीर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात पिशवी, पिशवीत कात्र्या, कंगवे आणि पावडरचा डबा. मामांनी आधी त्याच्यावर समोरून फवारा मारला, मग मागून.

"चला वर. सहा फुटांवरून चाला."

"साहेब, माझं इथलं काम अर्धंच..." कारागीर खरं तेच बोलत होता.

"इथलं राहू दे अर्धं. माझं आठ दिवस राहिलंय!"

बायको काय बोलणार? हा प्लंबर नाही म्हणावं, तर मग कोण? कारागीर जिना चढून गेला. बिचाऱ्यानं आयुष्यात नळाशी केलेलं एकमेव काम म्हणजे त्याखाली ब्रश धुणं.

न्हाणीघरात सेक्रेटरी आरशासमोर बसून होते. उजवी बाजू बारीक, सुबक. डाव्या बाजूला तीन महिन्यांचं जंगल. पाचला पस्तीस मिनिटं होती. बाहेरून मुलगी म्हणाली, "बाबा, एक विचारू? नियम पाळणाऱ्या माणसाचे केस आज कसे असायला हवेत?"

"कसे म्हणजे?"

"वाढलेले, बाबा. राज्यात सगळ्यांचे वाढलेत."

वाढलेले केस हेच आपलं प्रशस्तिपत्रक होतं आणि त्यातलं अर्धं आपण स्वतः उभं राहून, चुकलं, बसून कापून घेतलं, हे सेक्रेटरींच्या आत्ता ध्यानात आलं.

"टोपी घालतो," ते शेवटी म्हणाले.

"घरात? या उकाड्यात?"

"मग कॅमेरा बंद ठेवू."

"बाबा, ते तुम्हाला बघायलाच फोन करताहेत!" मुलीचा आवाज फुटला. ती रडते आहे हे कळल्यावर सेक्रेटरींना खरोखर स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात छतातून पाणी आलं.

वर झालं होतं असं. कारागिरानं नळ डोक्यासारखा हलक्या हातानं एकदा डावीकडे वळवला, एकदा उजवीकडे, मग जरा जोर लावला आणि नळाचा वरचा भाग त्याच्या हातात आला. कारंजं थेट मामांच्या ढालीवर. "बंद कर! बंद कर!" मामा ओरडत होते आणि कारागीर दोन्ही तळव्यांनी पाणी दाबून "कुठून करू?" असं विचारत होता. हा प्रश्न कुठलाही प्लंबर विचारत नाही, हे मामांच्या त्या धांदलीतही लक्षात आलं. पिशवी कलंडून कंगवे पाण्यावर तरंगायला लागले, तेव्हा तर शंकाच उरली नाही.

इमारतीच्या पाण्याचा मुख्य कॉक गच्चीवर आणि त्याच्या खोलीची किल्ली फक्त सेक्रेटरींकडे. त्यामुळे सेक्रेटरी सगळं विसरून, चादर पाठीवर फडफडवत जिन्यावरून वर धावले. मामा किल्ली मागायला खाली धावत होते. मधल्या वळणावर दोघे समोरासमोर आले.

मामांनी ढाल वर केली. आधी त्यांनी कापलेली बाजू पाहिली. मग दुसरी.

"अस्सं!"

"आधी कॉक बंद करू द्या."

कॉक बंद झाला. पाणी थांबलं. पण मामा गच्चीच्या दारात मोबाइल उगारून उभे होते.

"फोटो काढलाय, भाऊजी. ग्रुपवर टाकू?"

"नका टाकू."

"मग तुम्ही टाका. लिहा, मुख्यमंत्री चुकले. दुकानं बंद करणं मूर्खपणा होता. खाली तुमची सही."

"ते मरेस्तोवर लिहिणार नाही!"

"केस कापून घेता आणि लिहायला होत नाही?"

"मी चुकलो, साहेब नाही चुकले! रोग आहे म्हणून नियम आहे. मी मोडला नाही, म्हणजे... मोडला, पण नियम बरोबर आहे!"

"वा! आणि थेंब बरोबर नाहीत!"

अर्ध्या डोक्याचा एक आणि शेंडी बांधलेला एक, दोघेही ओलेचिंब, दोघेही राज्य कसं चालवावं यावर तावातावानं बोलत होते. पाचला वीस मिनिटं होती. मुलगी मागून धापा टाकत आली.

"मामा, टाक फोटो. टाकच. पाच वाजता माझं काय व्हायचंय ते चार चाळीसलाच होऊ दे."

मामांचा हात खाली आला. ही पोर त्यांच्या खांद्यावर मोठी झाली होती. सरकारवरचा राग खरा होता, पण तो काही तिच्यावर काढण्यासारखा नव्हता. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि जिन्यात तोंड घालून ओरडले, "ए प्लंबर! खाली चल! उरलेलं डोकं कर लवकर!"

बारा मिनिटांत कारागिरानं उरलेलं डोकं केलं. त्याच्या हाताला एक खोड होती. गिऱ्हाईक कोणीही असो, डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर जायचाच. तीस वर्षं लोक त्यावरून त्याच्याशी भांडत होते आणि पुन्हा त्याच्याचकडे येत होते. आज तर घाई होती, हातही गारठलेले. डावा कल्ला चांगला दीड बोट वर गेला.

"विचारलं तर सांगायचं, बायकोनं कापले," सेक्रेटरींनी ठरवलं.

"मी? इतके वाकडे?" बायको म्हणाली.

"वाकडे आहेत म्हणूनच पटेल."

पाच वाजता पडदा उजळला. कोचावर सेक्रेटरी, बायको, मुलगी, कडेला ओल्या सदऱ्यातले, ढाल-मास्कसकट मामा. कारागीर स्वयंपाकघराच्या दाराआड. समोर अधिकारी, त्यांच्या पत्नी आणि मधे त्यांचा मुलगा. नमस्कार झाले. मग अधिकाऱ्यांनी घसा साफ केला.

"तुमच्या इमारतीत नियम नीट पाळतात ना?"

सेक्रेटरी बायकोकडे बघायला लागले. मुलीनं डोळे मिटले. तेव्हा मामा पुढे सरकले. एकेक शब्द दाढ उपटल्यासारखा काढत ते म्हणाले, "आमच्याकडे... मुख्यमंत्र्यांचा शब्द... अगदी... शेवटचा असतो. भाऊजींनी तर मला नळसुद्धा दुरुस्त करू दिला नाही."

"छान," अधिकारी म्हणाले. पण त्यांची नजर सेक्रेटरींच्या डोक्यावर होती. "केस घरीच कापलेत का?"

"हो. हिनं कापले," सेक्रेटरी म्हणाले आणि घाबरून त्यांचा हात आपसूक डाव्या कल्ल्यावर गेला.

त्याच क्षणी पडद्यावर अधिकाऱ्यांचाही हात डाव्या कल्ल्यावर गेला. जरा उशिराच गेला. केस ताजे, बारीक, सुबक, आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर, हे सगळ्या कोचानं पाहिलं होतं.

दाराआड कारागीर मटकन खाली बसला.

"माझेही," अधिकारी सावकाश म्हणाले, "हिनंच कापले."

त्यांच्या पत्नीनं छताकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या बायकोनं जमिनीकडे.

"दोघींचा हात अगदी सारखा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"अगदी," अधिकारी म्हणाले. "मग आमच्याकडून होकार समजा. तारीख नियम शिथिल झाल्यावर बघू." आणि त्यांनी जरा घाईनंच फोन ठेवला.

मुलगी आईच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते कळेना. कारागीर दाराआडून रांगतच बाहेर आला. "साहेब, परवा मी यांच्याचकडे होतो. रजिस्टरमध्ये 'शेगडीदुरुस्ती' लिहायला लावलं होतं त्यांनी."

आता मामा गर्जना करणार म्हणून सेक्रेटरींनी मान खाली घातली. आयुष्यभर पुरेल एवढा दारूगोळा मेहुण्याच्या हातात पडला होता. मामांनी खिशातून मोबाइल काढला, अर्ध्या डोक्याचा फोटो एकदा डोळे भरून पाहिला, भाचीकडे पाहिलं आणि तो पुसून टाकला. मग ढाल काढली. एक मास्क काढला. बराच विचार करून दुसराही काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसला. तो चांगलाच घाबरलेला होता. केसांचा रबरबँड सोडून ते स्टुलावर जाऊन बसले आणि भाऊजींची ओली चादर त्यांनी स्वतःच गळ्याभोवती गुंडाळली.

"माझेही कापा," ते कारागिराला म्हणाले. "आणि डावा कल्ला सरकारसारखाच ठेवा."