मान डोलावण्याचा तास

चौथीच्या वर्गात सगळ्यांना सगळं समजत होतं, आणि हीच बाईंची काळजी होती.

"समजलं का रे?" असं विचारायचा अवकाश, वर्गभर माना डोलू लागायच्या. जन्मभर खडू झिजवल्यावर बाईंना एक गोष्ट कळून चुकली होती: जी मान सगळ्यांत आधी डोलते, तिच्या आत सगळ्यांत कमी शिरलेलं असतं. म्हणून शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास त्यांनी राखून ठेवला होता. त्या वेळात बाई गप्प बसायच्या आणि दिवसभरातला धडा मुलं आपापल्या शब्दांत सांगायची. "मान नको हलवूस बाळा, तोंडाने सांग पाहू," एवढंच बाई म्हणायच्या.

सुरुवातीला सगळे जमिनीकडे बघत बसायचे. मग हळूहळू वर्गाला तोंड फुटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी तर प्रत्येक वाक्य 'पण बाई' असं सुरू करायची, म्हणून तिचं नावच 'पण' पडलं. "पण बाई, पृथ्वी एवढी गरगर फिरते, तर आपल्याला चक्कर कशी येत नाही?" त्या दिवशी बाईंना घरी जाऊन पुस्तकं उघडावी लागली. फार बरं वाटलं त्यांना.

इतकी सुरळीत चाललेली गोष्ट कार्यालयाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा अर्धा तास कुठल्या विषयाचा?"

"समजण्याचा."

"तसा विषय वेळापत्रकात नाही, बाई. मुलांना फायदा होतो का?"

"होतो की. डोळ्यांना दिसतो."

"डोळ्यांवर कसा विश्वास ठेवायचा? संशोधनाचा आधार आणा. वर्ष संपायच्या आत आणा, नाहीतर तास बंद."

तेव्हा बाईंनी पन्नाशीत विद्यापीठात नाव घातलं. तिथे अर्थविचाराचं एक केंद्र होतं. त्याचं नाव एवढं लांबलचक होतं की दारावर सुरू झालेली अक्षरं भिंतीवर जाऊन संपायची, आणि दार उघडलं की केंद्राचे दोन तुकडे व्हायचे.

मार्गदर्शक सरांनी बाईंचा विषय वाचला: 'मुलं मान डोलावतात तेव्हा त्यांना समजलेलं असतं का?' त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हे तर वाचल्या वाचल्या कळतंय."

"मग?"

"मग संशोधन कशाचं करायचं?"

विषयाचं बारसं नव्याने झालं: 'शैशवकालीन ग्रीवाचलनातील अर्थनिर्मिती : एक आंतरविद्याशाखीय विमर्श'. बाईंनी संध्याकाळी तो यजमानांना वाचून दाखवला. यजमानांनी मान डोलावली. बाईंनी पहिलं निरीक्षण नोंदवून ठेवलं.

आता, आंतरविद्याशाखीय म्हटलं की एकट्याच्या डोक्याने भागत नाही. मान आली म्हणून मानेचे डॉक्टर आले. अर्थ आला म्हणून तत्त्वज्ञ आले. मुलं एकाहून अधिक होती म्हणून संख्याशास्त्री आले. डॉक्टरांना मणक्यांवर एक प्रकरण हवं होतं. तत्त्वज्ञांचं म्हणणं पडलं की समजणं नावाची गोष्ट मुळात असते हे सिद्ध झालेलं नाही, तोवर तो शब्द अवतरणात ठेवावा. संख्याशास्त्र्यांनी मुलांच्या माना कोनमापकाने मोजायला लावल्या आणि मान डोलावायच्या ऐवजी बोलू लागणारी मुलं सरासरी बिघडवतात, सबब ती गाळावीत, असा शेरा मारला. सगळ्यांत आधी 'पण' गळाली.

बाई कुरकुरल्या, तशी सर समजुतीने म्हणाले, "अहो, तास वाचवायचाय ना? मग थोडं सोसा."

बाईंनी सोसलं. प्रबंध फुगत गेला आणि बाईंचं म्हणणं आक्रसत गेलं. अखेर ते शेवटच्या पानावर एका वाक्यापुरतं उरलं: 'जी मान सर्वांत आधी डोलते, तिला सर्वांत कमी समजलेले असते.' तेवढं मात्र बाईंनी हट्टाने ठेवलं.

तोंडी परीक्षेला तिघेही हजर होते. बाई मणक्यांवर बोलल्या तेव्हा तत्त्वज्ञांनी मान डोलावली, कारण तो डॉक्टरांचा प्रांत. अवतरणातलं 'समजणं' आलं, डॉक्टरांनी डोलावली. उरलेल्या सगळ्याला संख्याशास्त्री डोलावत होते.

"काही प्रश्न?" सरांनी विचारलं. एकालाही प्रश्न नव्हता.

आणि बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मान नका हलवू. तोंडाने सांगा पाहू."

डॉक्टर खाकरले. "म्हणजे, मानेपुरतं ठीकच आहे. बाकी यांनी पाहिलं असेलच."

"मी?" तत्त्वज्ञ म्हणाले. "छे हो! मी तर तुमच्या मानेवर विसंबून होतो."

संख्याशास्त्री एवढ्यात शेवटच्या पानावर पोचले होते. त्यांचा रंग उडाला. "सर, पंचाईत आहे. हे वाक्य खरं असेल, तर आपल्याला काही समजलेलं नाही. मग पदवी कशी द्यायची? आणि खोटं असेल, तर प्रबंधच खोटा. मग पदवी कशी द्यायची?"

सर मुरलेले होते. त्यांनी खिशातलं पेन काढून बाईंपुढे धरलं. "एवढं एक वाक्य खोडा, बाई. पदवी एकमताने."

"आणि माझा तास वाचेल?"

"वाचलाच म्हणून समजा."

बाईंना मागचा बाक आठवला. त्यांनी वाक्य खोडलं.

तास खरोखर वाचला. कार्यालयाने प्रबंधाचं शीर्षक काळजीपूर्वक वाचून आदेश काढला: मान हलवल्याने अर्थनिर्मिती होते असे संशोधनाने सिद्ध झाले असल्याने, सर्व शाळांनी शेवटचा अर्धा तास 'ग्रीवाचलन सराव' म्हणून घ्यावा. बोलू नये, एकाग्रता भंगते. सोबत योग्य कोनाचा रंगीत तक्ता आला. तो वर्गात लावायचं काम पदवीधर म्हणून बाईंकडेच आलं.

वर्षाअखेरीस सरावाची स्पर्धा झाली. पहिला नंबर 'पण'चा आला. बक्षीस घेऊन ती जागेवर बसल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "बाळा, आज काय समजलं?"

"पण बाई..." ती म्हणाली, आणि थबकली. तिने तक्त्याकडे पाहिलं. मग तिने मान डोलावली, अगदी बरोब्बर कोनात.

हल्ली शिक्षकांच्या बैठकांमध्ये ही गोष्ट सांगितली जाते. साहेबांवर हसून होतं, सरांवर होतं, त्या तिघांवर तर पोट धरून होतं. "अगदी खरं! असंच चालतं!" म्हणत सगळे माना डोलावतात. इथवर येईपर्यंत तुमचीही दोन-चारदा डोललीच असेल.

आता ती जरा थांबवा, आणि तोंडाने सांगा पाहू: ते वाक्य कुणी खोडलं?