चार संचांचे घर

घर तीन मजली होते, पण रुंदीला इतके बेताचे की जिन्यात दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला उलटे चढावे लागे. तळमजल्यावर पुढच्या बाजूला साहेबांची बैठक, मागे स्वयंपाकघर आणि त्यात लेकीची आई. पहिल्या मजल्यावर लेकीची खोली. दुसऱ्या मजल्यावर साहेबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच संप पुकारला होता, त्यामुळे ती खाली येत नसे. तिचा आवाज येई.

अशा घरात माणसे एकमेकांना हाका मारतात. साहेब नगरपालिकेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षे एकही कागद त्यांच्या टेबलावरून क्रमांक घेतल्याशिवाय हलला नव्हता. त्यांनी एक आठवडा घरातल्या हाका मोजल्या. रोज सरासरी एकेचाळीस. त्यांपैकी सव्वीस हाकांना "काय?" असे उत्तर आले, सहांना "आले, आले" असे आले पण कोणीही आले नाही, आणि नऊ हाका नेमक्या कोणासाठी होत्या हे शेवटपर्यंत ठरले नाही. ही अनागोंदी थांबवण्यासाठी साहेबांनी चार वॉकी-टॉकी असलेला एक कौटुंबिक खोका आणला. प्रत्येक माणसामागे एक संच.

लेकीला हे सुरुवातीला आवडले होते, हे नमूद केले पाहिजे. ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करी. दिवसभर उभे राहून आल्यावर जिने चढण्या-उतरण्यापेक्षा बटण दाबणे सोपे होते.

"पोरी, माझा चष्मा दिसत नाहीये कुठे," पहिल्या दिवशी आत्या म्हणाली.

"डोक्यावर बघ, आत्या."

थोडी खरखर झाली. "सापडला. पण तुला खालून दिसला कसा? या डबीत कॅमेरापण आहे का गं?"

आठवडाभर घर असे हसतखेळत चालले. मग साहेबांनी खोक्यातला माहितीचा कागद वाचला. त्यात सहा ओळी होत्या. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. बोलून झाले की 'ओव्हर' म्हणा आणि बटण सोडा. अँटेनाला धरून उचलू नका. ओलाव्यापासून जपा. वेळेवर चार्ज करा. दोन संच फार जवळ आणू नका, शिट्टी वाजते.

साहेबांना हा कागद त्रोटक वाटला. बारा दिवसांनी त्यांनी अडतीस पानांची नियमावली काढली. त्यानुसार प्रत्येक निरोपाला जावक क्रमांक आला, ऐकणाऱ्याने आवक क्रमांक सांगणे आले, आणि दोन्ही वह्यांत नोंद आली. निरोपांचे तीन प्रवर्ग पडले : अत्यावश्यक, आवश्यक आणि चहा. बोलणाऱ्याने 'ओव्हर' म्हणेपर्यंत त्याचा निरोप चालू आहे असे समजावे आणि इतर कोणीही बोलू नये, हा नियम नऊ. साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली होती.

पहिली कसोटी दुधाने घेतली.

"अहो, मी गच्चीत आहे, गॅस बंद करा, दूध उतू चाललंय!" आई म्हणाली.

"जावक क्रमांक सांग. ओव्हर."

"अहो, दूध!"

"दूध हा प्रवर्ग नाही. अत्यावश्यक की आवश्यक? ओव्हर."

दुधाने क्रमांकाची वाट पाहिली नाही. आईने संध्याकाळपर्यंत शेगडी घासली आणि साहेबांनी त्या निरोपापुढे 'पूर्ण तपशिलाअभावी निकाली' असा शेरा मारला.

मग देखभालीचे प्रकरण लागू झाले. रोज सकाळी चारही संच कोरड्या फडक्याने पुसायचे, ऐकण्याच्या जाळीत फुंकर घालायची, अँटेना सरळ आहे का ते पाहायचे. बॅटरीला विश्रांती लागते म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ सगळे संच बैठकीत ओळीने चार्जिंगला. नेमकी तीच वेळ घरातली सगळी माणसे घरात असण्याची होती.

"बाळ्या," आत्याने एकदा वरून गाऱ्हाणे घातले, "त्या डबीला दिवसातून एकदा पुसतोस, तीन तास झोपवतोस. माझ्या गुडघ्यांकडे दोन वर्षांत कोणी फडकंसुद्धा फिरवलं नाही रे."

"गुडघ्यांची नियमावली माझ्याकडे नाही, ताई. ओव्हर."

जेवणाचा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. सकाळचे जेवण सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेत, आत्याचे ताट तेवढे वर जाई. आता प्रत्येकाजवळ संच असल्याने एकाने बटण दाबले की बाकीच्यांच्या संचातून कान किटवणारी शिट्टी निघे. कागदावरची सूचना स्पष्ट होती : संच जवळ आणू नका. संच आपापल्या माणसापासून दूर ठेवणे नियमात बसत नव्हते, म्हणून माणसे एकमेकांपासून दूर ठेवण्यात आली. साहेबांचे पान बैठकीत, आईचे स्वयंपाकघरात, लेकीचे पहिल्या मजल्यावर. शिट्टी कायमची थांबली. साहेबांनी वहीत 'ध्वनिदोष दूर' असे लिहिले.

शेवटी तोंडी बोलणेही गेले. त्यावर बंदी घातली नव्हती, साहेब तसे कडक नव्हते. फक्त तोंडी बोललेल्याला क्रमांक नसे, आणि क्रमांक नसलेले साहेबांना पस्तीस वर्षांच्या सवयीने ऐकूच येत नसे.

त्या सोमवारी लेकीला पत्र आले. दूरच्या शहरातल्या एका डोळ्यांच्या रुग्णालयाने तिला भिंगांच्या कार्यशाळेची प्रमुख म्हणून बोलावले होते. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. जायचे हे तिने मनाशी जवळजवळ ठरवले होते. परवानगी तिला नको होती. तिला एवढेच हवे होते की बाबांना आधी कळावे आणि त्यांनी तोंडाने "जा" म्हणावे. लहानपणी पोहायला, मग परीक्षेला, मग पहिल्या नोकरीला ती ते "जा" ऐकूनच गेली होती. ते ऐकले की पाय आपोआप उचलले जात.

ती पत्र घेऊन थेट बैठकीत गेली. "बाबा, एक सांगायचंय."

साहेबांनी मान वर केली, तिच्या हातात संच नाही हे पाहिले आणि बोटाने वरच्या मजल्याची दिशा दाखवली. "वर जा आणि संचावर ये. नोंद राहते."

ती वर गेली. बटण दाबले, क्षणभर थांबली. "जावक क्रमांक दोन हजार एकशे चार. बाबा, मला माझ्याबद्दल काही बोलायचंय. ओव्हर."

"आवक झाला. प्रवर्ग? ओव्हर."

लेकीने विचार केला. अत्यावश्यक म्हणजे आग, पाणी आणि गॅस. आवश्यक म्हणजे किराणा आणि इस्त्री. "कुठलाच नाही, बाबा. आयुष्यातलं आहे. ओव्हर."

संचातून नियमावलीची पाने उलटल्याचा आवाज आला. "असा प्रवर्ग नाही. नवीन तयार करावा लागेल. सगळ्या मजल्यांचे अभिप्राय मागवतो. तोपर्यंत चहामध्ये टाकतेस का? ओव्हर."

"नको. ओव्हर."

मंगळवारी अभिप्राय मागवले गेले. आत्याने कळवले, "पोरीला बोलू दे, मेल्या." हा अभिप्राय विहित नमुन्यात नसल्याने परत गेला. आईने "हो" एवढाच दिला; तो तिने सगळ्यालाच दिला असता म्हणून ग्राह्य धरला नाही. लेकीने स्वतःचा अभिप्राय दिला, तेव्हा अर्जदाराला मत नसते असे तिला समजले.

बुधवारी सकाळी साहेब वॉश-बेसिनपाशी दाढी करत होते. त्यांनी संच उचलला आणि सर्व मजल्यांना उद्देशून म्हणाले, "सर्वांनी लक्ष द्यावं. माझ्या असं निदर्शनास आलं आहे की—" आणि साबणाच्या हातातून संच सटकून भरलेल्या बेसिनमध्ये पडला.

घर थांबले.

नियम नऊप्रमाणे साहेबांचा निरोप चालू होता. 'ओव्हर' आले नव्हते. दुसऱ्याच्या संचावरून 'ओव्हर' म्हणणे ही तोतयेगिरी ठरली असती, पान एकोणतीस. आणि साहेबांचा स्वतःचा संच देखभाल प्रकरणाप्रमाणे बॅटरी काढून, तांदळाच्या डब्यात, अठ्ठेचाळीस तास ठेवणे भाग होते. डब्यावर साहेबांनी कागदाची पट्टी चिकटवून सही केली. त्या दोन दिवसांत भात झाला नाही.

आई पट्टीकडे बघून डोळे मिटून घेई. आत्या वरून काठीने फरशी ठोके; एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे बाळ्याच्या नावाने काय म्हणायचे ते. लेक दुकानात जाई, लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असे दिवसभर विचारी, आणि घरी येऊन मुकाट जेवे. गुरुवारी तिने एक चिठ्ठी लिहून बैठकीच्या दाराखालून सरकवली. ती 'टपाल विभाग अस्तित्वात नाही' या शेऱ्यासह परत आली. अक्षर वळणदार होते. बाबा पलीकडे उभे होते, त्यांची सावली दाराखालून दिसत होती.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला डबा उघडला. साहेबांनी संच काढला, जाळीत फुंकर घातली, तांदळाचा एक दाणा चिमट्याने काढला, बॅटरी बसवली. हिरवा दिवा लागला. अकरा चाळीस झाले होते. लेक जिन्याच्या पायरीवर आपला संच घेऊन बसली होती.

साहेबांनी बटण दाबले आणि तसेच उभे राहिले.

आधी वाक्य पुरे करायला हवे होते, आणि काय निदर्शनास आले होते ते त्यांना आठवेना. वही उघडली तर वहीत फक्त पूर्ण झालेले निरोप होते. त्यांनी आईकडे पाहिले. नियम नऊमुळे तिला बोलता येत नव्हते. ते बेसिनपाशी जाऊन उभे राहिले, हातात साबण घेऊन पाहिला, चेहऱ्याला फेसही लावला. अकरा पन्नास. अकरा चोपन्न. जिन्यातून लेकीला बाबांचा फेसाळ चेहरा आरशात दिसत होता आणि त्यांचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता.

अकरा अठ्ठावन्नला तिने संच पायरीवर ठेवला, खिशातून मोबाइल काढला आणि रुग्णालयाला होकार कळवला. कुठलाही क्रमांक न देता. उत्तर लगेच आले : स्वागत आहे.

"—की जिन्यातला दिवा दिवसाही चालू असतो. ओव्हर," साहेब म्हणाले.

"आवक झाला, बाबा," लेकीने संच उचलला. "मी दुसऱ्या शहरात नोकरीला चाललेय. रविवारी निघेन. ओव्हर."



"निरोप मिळाला," साहेब म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "ओव्हर."

रविवारी गाडी दारात आली. आत्याने खिडकीतून ओरडून सांगितले, "पोरी, पोचलीस की कळव, आणि ती डबी घेऊन जाऊ नकोस, तिचे लाड करायला तिथे कोणी नाही!" पण साहेबांनी लेकीचा संच, चार्जर, कोरडे फडके आणि नियमावलीची प्रत एका पिशवीत घालून आणली होती.

"अहो, पाच किलोमीटरचा पल्ला आहे याचा," आई म्हणाली. "ती चाललीय कुठे, तुम्ही देताय काय!"

"मोकळ्या मैदानात पाच. चाचणी झाली नाही अजून." ते लेकीकडे वळले. "चार्जर घेतलास?"

"घेतला."

"अँटेनाला धरू नकोस."

"नाही धरणार, बाबा." ती थोडी थांबली. साहेब पिशवीची गाठ तपासत होते. मग ती गाडीत बसली.

कोपऱ्यावर वळताना तिने बटण दाबले. "ऐकू येतंय का? ओव्हर."

"स्पष्ट. ओव्हर," साहेब फाटकात उभे होते.

"आता पेट्रोल पंपाजवळ. ओव्हर."

"थोडी खरखर. ओव्हर."

"आता पूल—" आणि पुढे फक्त खरखर.

साहेबांनी बटण दाबले आणि या वेळी क्षणभराऐवजी खूप वेळ थांबले. मग ते बोलू लागले. जावक क्रमांक दिला नाही. ते म्हणाले, जा. म्हणाले, तू पहिलं भिंग बसवलंस ते माझ्या चष्म्यात, मी अजून तोच वापरतो, सगळं नीट दिसतं. म्हणाले, सोमवारीच ऐकायला हवं होतं, माझी चूक झाली. म्हणाले, तिथे मोठ्याने बोल, तुझा आवाज मुळात हळू आहे. आणि पुन्हा म्हणाले, जा.

हे सगळे फक्त शेजारी उभ्या असलेल्या आईने ऐकले. पुलापलीकडे गाडीत लेकीच्या हातातल्या संचातून, वाळूवर पाऊल पडावे तशी, एकदा खरखर झाली आणि थांबली.

"अहो," आई म्हणाली, "हे ती समोर उभी होती तेव्हा का नाही बोललात?"

साहेबांनी बटण सोडले. "तेव्हा प्रवर्ग मंजूर नव्हता."

आत जाऊन त्यांनी वहीत लिहिले : पल्ला, पुलापर्यंत. निरोप रवाना. पोच अप्राप्त. मग संच कोरड्या फडक्याने पुसून चार्जिंगला लावला.

ही हकीकत ज्यांना आवडेल ते ती आपल्या घरच्यांना मोबाइलवर पाठवतीलच. घरचे बहुधा पलीकडच्याच खोलीत असतील. उठून जाण्याचे कारण नाही. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या की तो पोचला, असे धरण्याची पद्धत आहे.